चार पदरांचं पोतं

धामणदऱ्याच्या गोदामातून पुन्हा तोच निरोप आला. पोती फुटली, पीठ सांडलं, माल हलका आहे.

ट्रक ड्रायव्हर व्यंकटीने फाटक्या पोत्यांचा ढीग शेडच्या दारात टाकला आणि तो हात झटकत उभा राहिला. मलप्पाने एक पोतं उचलून उजेडात धरलं. तळाची शिवण शाबूत होती. वरची शिवणही शाबूत होती. पोतं कुशीवर उभंच्या उभं चिरलं होतं.

"शिवणीत न्हाई गेलं. अंगात फाटलंय," तो म्हणाला. "व्यंकटी, उतरवताना टाकली का वरनं?"

"मी गाडी हाकतो, मालक. माल उतरवणारे त्यांचे. मी तवर च्या पीत असतो."

मलप्पा निलंग्याकडचा. हैदराबादला एका कारखान्यात तो सिमेंटची आणि चुन्याची कागदी पोती करायला शिकला आणि पुढे पोत्यांचे नमुने ठरवण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. कुठला कागद घ्यायचा, किती पदर लावायचे, टाके किती जवळ मारायचे, खळ किती दाट ठेवायची, यातच त्याची वर्षं गेली. मागल्या साली लातूर वेगळा जिल्हा झाला, गावाबाहेर कारखान्यांसाठी प्लॉट मिळू लागले आणि त्याच्या बहिणीचा नवरा गुरुपादप्पा त्याला न्यायला हैदराबादेत येऊन बसला. गुरुपादप्पाची लातुरात डाळमिल होती. "आपला जिल्हा झाला आता," तो म्हणाला होता. "लोकाच्या कारखान्यात किती दिवस राबतो? मशीन मी घेतो. पोतं तू कर."

जुनं मशीन आलं, शेड उभी राहिली आणि पहिलं मोठं काम मिळालं ते दुष्काळाचं. पाऊस गेला होता. रस्त्यांची, तलावांची कामं निघाली होती आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी गूळ घातलेलं भाजकं पीठ सरकारातून येणार होतं. हे पीठ आधी तागाच्या बारदान्यात यायचं. विणीतून निम्मं गळायचं, उरलेल्याला आधीच्या मालाचा वास लागायचा. म्हणून वरच्या कुणा साहेबाने कागदी पोत्यांचा हुकूम काढला होता; पीठ शेडवर यायचं आणि पोत्यांत भरून गोदामांना जायचं. मलप्पाला तो साहेब न बघताच आवडला होता.

आणि आता ही पोती फुटत होती.

कागदाचा दोष त्याला लवकरच सापडला. कागदात थोडी ओल लागते. हैदराबादच्या शेडमध्ये तो मऊ असायचा, वळायचा, दणका सोसायचा. इथे चैत्रातल्या वाऱ्याने त्यातली ओल शोषून घेतली की तो पापडासारखा होई. मलप्पाने कागदाच्या रिळांच्या खोलीत तागाची ओली पोती टांगली, जमिनीवर पाणी शिंपडायला लावलं. कागद दोन दिवसांत सुधारला.

तिसऱ्या दिवशी खळ लावणारी नीलाबाई हातातला ब्रश खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. ती मागच्याच वस्तीत राहायची.

"मालक, एक बोलू का? टँकर आला की आमच्याकडं भांडणं होऊन राहिलीत. घागरी फुटल्या काल. आन् इथं तुमी कागदाला पाणी पाजून राहिलात."

मलप्पाने त्याच दुपारी ओली पोती उतरवली आणि संध्याकाळी गुरुपादप्पाला सांगून टाकलं, की पाणी न वापरता पोतं टिकवायचं तर पोतंच बदलावं लागेल.

"बदल की," गुरुपादप्पा वैतागून म्हणाला. "मला पोतं फुटलेलं नको. बाकी तुझं तू बघ."

मग मलप्पा पोत्याच्या मागे लागला. तीन जाड पदरांऐवजी त्याने चार पातळ पदर घेतले, कारण पातळ कागद वाळला तरी वळतो. आतले पदर बाहेरच्यापेक्षा किंचित सैल ठेवले, म्हणजे दणका बसला की चारही पदरांनी तो वाटून घ्यावा. पोतं आपटलं की आतली हवा कोंडते आणि कागद फोडते, म्हणून वरच्या अंगाला सुईने बारीक भोकांची ओळ मारली. पहिल्या नमुन्यांत पदर एकमेकांवर चुरगळले. नंतर खळ फार दाट झाली आणि कागद करकरीत झाला. हे जमलं तर भोकांतून पीठ भुरभुरायला लागलं. मशीन जुनं होतं, मध्येच पट्टा सोडायचं. मलप्पा चिडायचा, पट्ट्याला शिव्या द्यायचा, जेवायला जायचा विसरायचा. डबा घेऊन आलेली बहीण रत्नम्मा दारातनंच म्हणायची, "तम्मा, पोतं पळून जात न्हाई. दोन घास खा." लहान भावाला ती अजून तम्माच म्हणायची.

शेवटी एक पोतं जमलं. मलप्पाने ते भरून माळ्यावर नेलं आणि खाली सिमेंटच्या जमिनीवर सोडलं. आधी आडवं, मग कुशीवर, मग तळावर. पोतं थपकन पडायचं, भोकांतून फुस्स करून हवा सोडायचं आणि तसंच्या तसं राहायचं. गुरुपादप्पा हाताची घडी घालून बघत होता. त्याने धोतर खोचलं, स्वतः माळ्यावर चढला आणि पोतं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खाली भिरकावलं.

पोतं राहिलं.

"हाव," तो वरूनच म्हणाला. "हे पोतं हाय."

त्या संध्याकाळी मलप्पा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

नव्या पोत्यांचा माल सगळ्या गोदामांना गेला. निलंग्याहून, औशाहून काही तक्रार आली नाही. धामणदऱ्याहून मात्र आली, आणि आधीपेक्षा मोठी आली. पोती फाटली होती ती विचित्र जागी. कोपरे फुटले होते, कुशी चिंध्या झाल्या होत्या, एकाचे तर चारही पदर एका ठिकाणी भोसकल्यासारखे होते.

"हे काय हाय?" गुरुपादप्पाने पोतं त्याच्या पुढ्यात टाकलं. "माळ्यावरनं फेकलं तवा फुटलं न्हाई, आन् तिथं फुटतंय?"

"दाजी, बाकी ठिकाणी फुटलं न्हाई."

"मला बाकी ठिकाणचं नको सांगू. ऑफिसात माझं नाव घेऊन राहिले. डाळमिलवाल्यानं कागदाचे धंदे करू नयेत म्हणून हसून राहिले."

पुढचा माल निघाला तेव्हा मलप्पा व्यंकटीच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसला.

धामणदरा जळकोटच्या पुढे, माळावरचं गाव. वाटेत दोन्ही बाजूंनी नुसती काळी भेगाळलेली रानं होती आणि बाभळीसुद्धा राखेच्या रंगाच्या दिसत होत्या. गावाबाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या, आणि तिथून हाकेच्या अंतरावर गोदाम होतं. दगडी जोत्यावरची पत्र्याची लांब खोली.

गोदामाचा कारभारी शेषेराव उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मलप्पा कोण आहे हे कळल्यावर तो क्षणभर घोटाळला, मग फार अदबीने वागू लागला. सावलीला खुर्ची टाकली, पाणी दिलं.

"उतरवताना मी उभा राहणार," मलप्पा म्हणाला.

"राहा की. माल तुमचाच हाय."

माणसांनी पोती अशी उतरवली, जणू बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं. पाठीवर घेतलं, आत नेलं, अलगद ठेवलं. एकही पोतं फुटलं नाही. मलप्पाला समाधान वाटायला हवं होतं, पण त्याचा राग वाढतच गेला. मग आजवर यांनी काय केलं होतं?

एव्हाना दुपारची सुट्टी झाली होती. खडी फोडणाऱ्या बाया लेकरं घेऊन गोदामाच्या भिंतीला येऊन टेकल्या. प्रत्येकीकडे ताटली नाही तर ॲल्युमिनियमचा डबा. कुणी काही मागत नव्हतं. त्यातली एक म्हातारी, तिला नागुबाई म्हणत होते, पोत्यांकडे बघत होती. शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा ती म्हणाली, "आज एक बी फुटलं न्हाई व्हय, बाबू?"

"न्हाई, मावशी," शेषेराव तिच्याकडे न बघता म्हणाला. "आज पाव्हणे आलेत."

ट्रक पुढे उदगीरला जायचा होता. मलप्पाने एस.टी.ने परतायचं ठरवलं आणि तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. एस.टी. आली नाही. सावली नव्हती, टपरी बंद होती. घशाला कोरड पडली तेव्हा तो पाणी मागायला गोदामाकडे परत फिरला.

लांबूनच त्याला दिसलं. शेषेराव जोत्यावर उभा होता. त्याने आणि आणखी एका माणसाने एक पोतं दोन्ही बाजूंनी धरलं, झोका दिला आणि जोत्याच्या दगडी कोपऱ्यावर आपटलं. पोतं फुटलं नाही. त्यांनी ते पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मग त्या माणसाने पहार आणली आणि कुशीत खुपसली. पीठ भसकन बाहेर आलं, निम्मं जोत्यावर, निम्मं खाली मातीत. बाया पुढे सरकल्या.

मलप्पा धावतच पोचला.

"काय करून राहिलात तुमी!" तो ओरडला. "माझं पोतं फोडता? आन् वर ऑफिसाला लिहिता की पोतं हलकं हाय?"

शेषेरावने हातातलं पोतं खाली ठेवलं. त्याचा चष्मा पिठाने माखला होता. तो पुसायला त्याने बराच वेळ घेतला.

"आत या," तो म्हणाला.

गोदामात उकाडा कोंडला होता. मलप्पाची पोती भिंतीपासून भिंतीपर्यंत, छातीएवढ्या उंचीच्या थप्प्यांत रचलेली होती. तीनपदरी होती, चारपदरी होती. सगळी भरलेली, सगळी शिवलेली.

"ही का दिली न्हाईत?" मलप्पाने विचारलं.

"वाटायची मंजुरी न्हाई." शेषेराव थप्पीला टेकला. "माल येऊन पडला, मंजुरी आली न्हाई. आधी जुन्या जिल्ह्याहून यायची. आता नवा जिल्हा झाला. ते म्हणतात, आता तुमचं तुमी बघा. हे म्हणतात, काम मागल्या साली मंजूर झालेलं, तवा जुन्यांनीच सही करायची. मी दोनदा जाऊन आलो. अख्ख्या पोत्याला मंजुरीशिवाय हात लावला तर माझी नोकरी जाते."

"आन् फुटलेल्याला?"

"फुटलेलं पोतं ठेवता येत न्हाई. उंदरं येतात, कीड लागते. त्याच दिवशी वाटून मोकळं व्हायचं, असा नियम हाय." त्याने थप्पीवर हात थोपटला. "हा एकच नियम कामाचा निघाला."

मलप्पा थप्प्यांकडे बघत राहिला. त्याला शेषेरावचा राग आला होता तो गेला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

"पहिलं पोतं एका आपटीत फुटायचं," शेषेराव म्हणाला. "हे नवं लई बेकार. फुटतच न्हाई. पहार घालावी लागते, मग पीठ मातीत जातं. बघा बाहेर."

बाहेर बाया जोत्याखालचं पीठ गोळा करत होत्या. वरवरचं हलक्या हाताने उचलून झालं होतं. आता मातीत मिसळलेलं होतं ते त्या लुगड्याच्या पदरावर घेऊन पाखडत होत्या. नागुबाईच्या मांडीवरच्या नातीने एक घास तोंडात घातला, चावला आणि थुंकून टाकला. खडा होता. म्हातारीने तिच्या तोंडात बोट घालून आणखी खडे आहेत का ते चाचपलं आणि पुढचा घास दिला.

दुसऱ्या दिवशी मलप्पा लातूरच्या ऑफिसात गेला. ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं, भिंतींना अजून चुन्याचा ओला वास होता. साहेब दौऱ्यावर होते. त्यानंतर गेला तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला एका कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? पोतीवाले ना? मग तुमचा पिठाशी काय संबंध?"

"पोती गोदामात पडून आहेत. लेकरं बाहेर बसली आहेत."

"पोती फुटतात ती थांबवा आधी. त्याच्या तक्रारी आहेत आमच्याकडे."

मलप्पा जुन्या जिल्ह्याच्या गावीही जाऊन आला. तिथे एका म्हाताऱ्या हेडक्लार्कने त्याला चहा पाजला, खरंच वाईट वाटून घेतलं, आणि सांगितलं की फाईल तुमच्याकडे पाठवली आहे. लातुरात म्हणाले, आली नाही. येताना एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून बसलेल्या मलप्पाला वाटलं, की जोरात कुणाला तरी शिवी द्यावी. पण ती द्यायची कुणाला? जो भेटत होता तो आपल्या जागेवरून बरोबरच बोलत होता.

शेडमध्ये आल्यावर त्याने एक चारपदरी पोतं समोर अंथरलं आणि तो त्याच्याकडे बघत बसला. त्याच्या डोळ्यांपुढून ते खडे जात नव्हते. पोतं फोडतात याचं दुःख एक होतं, पण ते असं घाणेरडं फुटतं, याने त्याचं डोकं जास्त उठलं होतं. आयुष्यभर त्याने पोतं फुटू नये म्हणून डोकं चालवलं होतं. फुटलंच तर कसं फुटावं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याने आतले दोन पदर वेगळे केले. त्यांचा तळ दुमडून खळीने चिकटवला, म्हणजे ती आतल्या आत एक आख्खी पिशवी झाली. बाहेरच्या दोन पदरांचा तळ नेहमीसारखा शिवला, पण टाका कागदाच्या अगदी कडेला घेतला, दोऱ्याला धरायला जागाच ठेवली नाही. वाटेतल्या हादऱ्यांत ते तग धरे. तळावर सरळ आपटलं की मात्र बाहेरची शिवण टर्रकन उसवायची आणि आतली पिशवी फुगून बाहेर डोकवायची. पीठ चमचाभर सांडायचं नाही. कुणीही बघितलं तर म्हणेल, पोतं फुटलं.

नीलाबाईच्या हे लक्षात आलं. "मालक, टाका लई कडंला चाललाय," ती म्हणाली.

"चालू दे," मलप्पा म्हणाला. तिने ब्रश पुन्हा खळीत बुडवला.

ही पोती त्याने वेगळी रचून ठेवली आणि व्यंकटीला बजावलं, की ही फक्त धामणदऱ्याला. पहिल्या खेपेला तो स्वतः गेला. शेषेरावला काय करायचं ते दाखवलं. शेषेरावने पोतं उचललं, जोत्यावर तळावर सोडलं. शिवण उसवली. त्याने आतल्या पिशवीचा कोपरा फाडला, वाटी आत घातली आणि कोरडं स्वच्छ पीठ बाहेर काढलं. तो मलप्पाकडे बघतच राहिला.

"ह्याला तुमी मुद्दाम..."

"वाटा," मलप्पा म्हणाला. "बोलू नका."

नागुबाई ताटली पुढे करून उभी होती. तिने पीठ बोटांत चोळून बघितलं, खडे नाहीत याची खात्री केली आणि बाजूला झाली. मलप्पाला तेवढ्याने बरं वाटलं, पण फार वेळ नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत रचलेली त्याची चांगली पोती आत तशीच होती. त्यांतलं एकही कुणाच्या तोंडी लागत नव्हतं.

उन्हाळा असा गेला. धामणदऱ्याच्या तक्रारी चालू राहिल्या. गुरुपादप्पा रोज चिडायचा, मलप्पा बघतो म्हणायचा. मग मृगाच्या तोंडावर एक गोंधळ झाला. धामणदऱ्याची खेप भरायची तेव्हा व्यंकटी आजारी होता, बदली ड्रायव्हर आला आणि त्याने वेगळी रचलेली पोती निलंग्याच्या गाडीत चढवली. निलंग्याचा कारभारी कडक होता. तिथे माल निष्काळजीपणे उतरवला गेला आणि ओळीने सगळ्या शिवणी उसवल्या. त्याने एक पोतं तसंच्या तसं बांधून लातूरच्या ऑफिसात पाठवलं आणि एक गुरुपादप्पाच्या मिलवर. साहेब स्वतः शेड बघायला येणार असा निरोप आला.

त्या दिवशी सकाळी गुरुपादप्पा शेडमध्ये आला तो मिलवर आलेलं पोतं घेऊनच. त्याने बाहेरचा पदर वर केला, आतली चिकटवलेली पिशवी बघितली. तो सारं आयुष्य पोत्यांत वावरलेला माणूस होता.

"हे चुकून झालं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"मलप्पा, मी तुला हैदराबादेहून ह्यासाठी आणलं?"

मलप्पाने सगळं सांगितलं. गोदाम, जोतं, पहार, लेकराच्या तोंडातले खडे, दोन्ही ऑफिसं. गुरुपादप्पा उभ्यानेच ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो पोत्यावर बसला.

"मला आधी का न्हाई विचारलं?"

"विचारलं असतं तर हाव म्हणला असता का, दाजी?"

गुरुपादप्पाने विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "न्हाई म्हणलो असतो. माझं नाव हाय ह्या पोत्यावर. बाजारात तीन पिढ्यांचं नाव." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "आन् तू ते नाव दगडावर आपटून फोडायला दिलंस! दुसरा काही रस्ताच नव्हता का?"

"असला तर सांगा. मला दिसला न्हाई."

साहेब दुपारी आले. तरुण होते, घाईत होते. त्यांनी ऑफिसात आलेलं पोतं पुढे केलं आणि विचारलं, की हे काय आहे. मलप्पा बोलायला पुढे झाला, पण गुरुपादप्पाने त्याच्यापुढे हात आडवा धरला.

"दोरा खराब आला होता, साहेब," तो म्हणाला. "आमची चूक. आमचा मेव्हणा कागदाचा जाणकार हाय, दोऱ्याचा न्हाई."

"आणि आतली ही वेगळी पिशवी?"

"शिवण गेली तर पीठ वाया जाऊ नये म्हणून काढलेली तोड हाय ती."

हे खोटं नव्हतं. साहेबांनी मान हलवली, कुणाच्याही डोळ्यांत न बघता. काम काढून घेतलं जाईल, पुन्हा तागाचा बारदाना सुरू होईल, असं सांगून ते जीपमध्ये बसले. मलप्पा जीपच्या मागे चार पावलं गेला. "साहेब, धामणदऱ्याची मंजुरी..." तो म्हणाला. जीप निघून गेली होती.

पाऊस त्या वर्षी उशिरा का होईना, झाला. कामं बंद झाली, बाया आपापल्या रानांत गेल्या. शेड बंद पडली. गुरुपादप्पाने मशीन विकलं नाही, पण त्यावर ताडपत्री टाकली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. मलप्पाशी तो कामापुरतं बोलायचा. मलप्पा त्याच्याच डाळमिलमध्ये बारदान्याची देखरेख करू लागला.

पोळ्याच्या सुमारास शेषेराव लातुरात आला. त्याची बदली झाली होती. तो मलप्पाला शोधत मिलमध्ये आला आणि दोघे समोरच्या हॉटेलात जाऊन बसले.

"मंजुरी आली," शेषेराव म्हणाला.

"कवा?"

"आता. काम बंद पडल्यावर. गोदाम उघडून मोजदाद केली. तुमचं पोतं एक बी फुटलं नव्हतं. पाणी गळलं होतं पत्र्यातनं, तरी वरचे दोन पदरच भिजले, आतलं कोरडं. साहेब बी म्हणाले, पोतं चांगलं हाय."

"आन् पीठ?"

शेषेरावने कपातला चहा बशीत ओतला. "कडू झालं होतं. इतके महिने त्या उकाड्यात. जनावरांना बी घालू नका म्हणले. खड्डा करून पुरलं."

नागुबाई कुठे आहे हे मलप्पाला विचारावंसं वाटलं, पण शेषेरावला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

रात्री तो बहिणीकडे जेवायला बसला. गुरुपादप्पा अजून मिलमधून आला नव्हता. रत्नम्माने ताटात भाकरी वाढली, वर शेंगांची चटणी घातली आणि समोर बसली. बरेच दिवस ती काहीतरी बोलायचं टाळत होती.

"तम्मा, एक विचारू? राग मानू नको. बाजारात बाया मला म्हणून राहिल्यात, तुझ्या भावाची पोती फुटकी म्हणून धंदा बुडाला. ह्यांना विचारलं तर हे काही बोलतच न्हाईत. तुला पोतं करायला नीट येत न्हाई का रं?"

गुरुपादप्पाने तिलाही सांगितलं नव्हतं, हे मलप्पाला तेव्हा कळलं. शेडमधल्या त्या सकाळनंतर तो माणूस त्याच्याशी कामापलीकडे धड एक वाक्य बोलला नव्हता, आणि तरी बाहेर त्याने तोंडही उघडलं नव्हतं. सांगावं असं मलप्पाच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर ती उद्या बाजारात सांगणार, भावाची बाजू घेऊन भांडणार. आणि मग दाजीने साहेबासमोर उभं राहून सांगितलेलं ते दोऱ्याचं खोटं उघडं पडणार, शेषेरावचीही नोकरी जाणार.

"येतं, अक्का," तो म्हणाला. "ती पोती फुटकीच होती."

"मग नीट का केली न्हाईस?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. तो बराच वेळ चावत राहिला. रत्नम्मा वाट बघत बसली आणि मग उठून त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.